वाचकांचे प्रश्न : अंगावरचे दूध आणि त्यामागचे संशोधन

स्तनपान आणि तान्ह्या बाळाचे आरोग्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत, पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

आमच्या काळी पहिले तीन दिवस बाळाला अंगावर घेत नसत. पिवळा चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट चाटवायचे किंवा कापसाच्या बोळ्याने गुळाचे पाणी पाजायचे, अशी रीत होती. माझी चार लेकरे अशीच वाढली. नातवाच्या वेळी मात्र दवाखान्यातल्या सिस्टरने मधाची बाटली हातातून काढून घेतली. चीक बाळाला पचतो का, आणि मधात वाईट ते काय?
— एक आजी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

आजी, तुमच्या गोठ्यात म्हैस व्याली की वासराला पाजून उरलेल्या चिकाचा खरवस होतो आणि तो चार घरी वाटला जातो. तो उकिरड्यावर ओतल्याचे कोणी ऐकलेले नाही. घरच्या लेकीचा चीक मात्र पिळून टाकला जात असे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक प्रतिपिंडे जवळजवळ नसतात, कारण गाई-म्हशींच्या वारेतून ती पोटातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवशीचा चीक मिळाला नाही तर वासरू दगावू शकते, हे प्रत्येक गोपालकाला ठाऊक असते. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडे आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. उघडी राहते ती आतड्याच्या अस्तराची बाजू, आणि ती सांभाळण्याचे काम चीक करतो. त्यात 'आयजीए' प्रकारची प्रतिपिंडे भरपूर असतात आणि ती आतड्याच्या आतल्या बाजूवर पसरून जंतूंना चिकटू देत नाहीत. त्यात लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते, जे जंतूंना हवे असलेले लोह त्यांच्या हाती लागू देत नाही. जिवंत पांढऱ्या पेशी असतात, आणि 'अ' जीवनसत्त्व असते. चिकाचा पिवळेपणा त्यातल्या कॅरोटीनमुळे येतो. दूध 'जुने' किंवा 'खराब' झाल्याची ती खूण नव्हे. चीक बाळाला पचतो, शिवाय पोटातली पहिली काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते.

चिकाच्या बाबतीत घोटाळा होतो तो त्याच्या प्रमाणावरून. पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचाभर चीक येतो, आणि बाळाचे इवलेसे पोट पाहता तेवढा पुरतो. घरची मंडळी तो थेंब-थेंब पाहून 'दूध उतरलेच नाही' असा निकाल देतात आणि वाटीत गुळाचे पाणी तयार होते. वार पडल्यानंतर आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरते आणि त्यानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते. मधल्या काळात बाळ जितक्या वेळा ओढेल तितकी पुढची सोय पक्की होते. घाना देशाच्या ग्रामीण भागात सुमारे 11 हजार बाळांवर झालेला आणि 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, पहिल्या 24 तासांनंतर स्तनपान सुरू झालेल्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका त्याआधी सुरू झालेल्या बाळांच्या सुमारे अडीचपट होता. मुळातच अशक्त असलेली बाळे उशिरा ओढतात, म्हणून हा फरक दिसला असेल, ही शंका संशोधकांनाही होती. आजारी बाळे वगळून हिशेब केला तरी फरक राहिला.

मधात 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष तयार करू शकतात, आणि त्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडून श्वासही अडू शकतो. घरच्या पोळ्याचा शुद्ध मध असला तरी हा धोका तसाच असतो, आणि साध्या उकळण्याने ही बीजे मरत नाहीत. म्हणून वर्षभर मधाचे बोटसुद्धा नको. तुमची चारही लेकरे वाढली याचा आनंदच आहे. परंतु त्याच काळात गावात जी वाढली नाहीत त्यांना मोजायला कोणी बसले नव्हते.

आणि दोष एकट्या आज्यांचा नाही, हेही नोंदवले पाहिजे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 88.6 टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या, पण तासाभरात अंगावर घेतलेली बाळे 41.8 टक्केच होती. म्हणजे सिस्टर आणि डॉक्टर समोर असतानाही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास हुकला. सिझेरियन झालेल्या आईजवळही बाळ लगेच देता येते. त्यासाठी आईला कुशीवर धरून ठेवणारे एक माणूस लागते. ते काम तुमच्याइतके चांगले कोण करील?

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45-46 अंशांवर जातो. बाळ तीन महिन्यांचे आहे. डॉक्टर म्हणतात, पाण्याचा थेंबही नको. एवढ्या उन्हात पाणी न देणे मनाला पटत नाही.
— एक वडील, भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर

आईच्या दुधात 87 ते 88 टक्के पाणीच असते, आणि क्षार व प्रथिने कमी असल्यामुळे ते गाळून टाकायला बाळाच्या मूत्रपिंडाला फारसे पाणी खर्च करावे लागत नाही. ही नुसती कागदावरची आकडेमोड नाही. भारतातच, चाळीस अंशांच्या आसपासच्या कोरड्या उन्हाळ्यात, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी तपासून पाहण्यात आली. 1990 आणि 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अशा दोन अभ्यासांत त्या बाळांच्या शरीरात पाण्याची ओढ असल्याचे दिसले नाही, आणि वरचे पाणी मिळालेल्या बाळांना त्याचा काही लाभ झाल्याचेही दिसले नाही.

तोटा मात्र दोन बाजूंनी होतो. पाण्याने पोट भरलेले बाळ तेवढे दूध कमी ओढते, आणि उन्हाळ्यात विहिरी-बोअर आटत आल्या असताना गावातले पाणी सर्वांत अस्वच्छ असते. चंद्रपूरचा मे महिना अभ्यासांतल्या उन्हाळ्याहूनही कडक असतो, हे मान्य. पण त्यावर उपाय म्हणून बाळाला अधिक वेळा पाजावे. दुपारी बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाला दोन मिनिटे ओढून सोडून देत असेल तर ते तहान भागवत आहे असे समजावे, कारण सुरुवातीचे दूध पातळ असते. बाळाला टिनाच्या छपराखाली ठेवू नये, कपड्यात गुंडाळू नये, आणि पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी असावा. दिवसरात्रीत सहा किंवा त्याहून अधिक वेळा फिकट लघवी होत असेल तर चिंता नको. लघवी गडद व कमी झाली, बाळ मलूल पडले, ओढेनासे झाले किंवा अंग तापले, तर मात्र पाणी पाजत घरी न थांबता दवाखाना गाठावा.

आईच्या दुधात अशी साखर असते की जी बाळाला पचतच नाही, असे वाचनात आले. निसर्ग असा उधळेपणा का करील? आणि अंगावर प्यायलेली मुले हुशार होतात, लठ्ठ होत नाहीत, असे जे सांगितले जाते त्याला पुरावा कितपत आहे?
— विज्ञान शिक्षक, मोर्शी, जि. अमरावती

सर, तुम्ही वाचले ते खरे आहे. दुधातली मुख्य साखर लॅक्टोज, ती बाळाला पचते. तिच्याखेरीज ऑलिगोसॅकराइड नावाच्या, काही साखर-घटक एकमेकांना जोडून बनलेल्या शर्करा आईच्या दुधात असतात. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत, आणि पाणी सोडले तर लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचाच क्रमांक लागतो. प्रथिनांइतक्या किंवा त्याहूनही अधिक त्या असतात. गाईच्या दुधात त्या नावालाच आढळतात. त्यांचे बंध तोडणारी विकरे बाळाजवळ नसतात, त्यामुळे त्या बहुतेक जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात.

तेथे त्यांची वाट पाहणारा जंतू म्हणजे बिफिडोबॅक्टेरियम. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये या जंतूंचे प्राबल्य असते हे विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आले होते, आणि दुधात त्यांना वाढवणारा काही घटक असला पाहिजे असा तर्क तेव्हापासून चालू होता. त्यांच्यातील 'इन्फँटिस' या उपप्रकाराचा संपूर्ण जनुकक्रम 2008 साली प्रसिद्ध झाला आणि या शर्करा आत ओढून घेऊन तोडण्यासाठी लागणारा जनुकांचा मोठा संच त्यात सापडला. शेतात हव्या त्या पिकाच्या बुंध्याशीच खत टाकावे, म्हणजे तणाला ते मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. हे जंतू आम्ल तयार करतात, आम्लामुळे अपायकारक जंतूंना तेथे जम बसवता येत नाही. शिवाय या शर्करांपैकी काहींची ठेवण आतड्याच्या पेशींवरील साखरेसारखीच असते. जुलाब घडवणारा जंतू फसून त्यांनाच चिकटतो आणि शीवाटे बाहेर जातो. त्यामुळे तुम्ही ज्याला उधळेपणा म्हणता तो संरक्षणावरचा खर्च आहे. सर्व आयांच्या दुधातल्या या शर्करा सारख्या नसतात. कोणते प्रकार तयार होणार हे काही अंशी आईच्या जनुकांवर ठरते.

याच वाटेने जाणारा एक भारतीय प्रयोग तुमच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना आठवडाभर एका उपयुक्त जंतूची आणि त्याला पोसणाऱ्या शर्करेची मात्रा देण्यात आली, निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण पूड दिली गेली. 2017 साली आलेल्या निष्कर्षानुसार जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. ही सर्व बाळे अंगावर पिणारी होती. यावरून कोणी मेडिकलमधून कोणत्याही जंतूची पुडी आणून बाळाला देऊ नये. एका विशिष्ट जंतूवरचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू होत नाही.

आता हुशारीचा आणि लठ्ठपणाचा प्रश्न. येथे संशोधनाची खरी अडचण अशी की, कोणत्या बाळाने अंगावर प्यावे आणि कोणत्या बाळाने डब्याचे, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी करणे अनैतिक ठरेल. मग जी मुले अधिक काळ अंगावर प्याली त्यांच्या घरची आर्थिक स्थिती, आईचे शिक्षण हे सारेच वेगळे असते आणि फरक कशाचा हे कळत नाही. बेलारूस देशात 1996-97 मध्ये यावर एक युक्ती योजली गेली. तेथील 31 प्रसूती रुग्णालयांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी झाली. एका गटातील कर्मचाऱ्यांना आयांना स्तनपानात मदत कशी करावी याचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटात नेहमीचेच चालू ठेवले. एकूण 17,046 माता-बालकांच्या जोड्या त्यात होत्या. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळे पहिल्या गटात 43.3 टक्के आणि दुसऱ्या गटात अवघी 6.4 टक्के होती. वर्षभरात पोटाचा संसर्ग झालेल्या बाळांचे प्रमाण 13.2 टक्क्यांऐवजी 9.1 टक्के झाले, त्वचेचा इसबही घटला. साडेसहाव्या वर्षी भाषिक बुद्धिमापनात पहिला गट सरासरी साडेसात गुणांनी पुढे दिसला, परंतु सोळाव्या वर्षापर्यंत तो फरक फार थोडा उरला. लठ्ठपणा कमी झाल्याचे मात्र आढळले नाही.

तेव्हा संसर्गापासून संरक्षण पक्के, बुद्धीचा लाभ थोडा, लठ्ठपणाबाबतचा दावा डळमळीत, असे मी म्हणेन. आपल्या खेड्यांत जुलाब आणि न्यूमोनिया हेच बाळांचे खरे शत्रू असताना हुशारीचे आमिष दाखवण्याची गरजही नाही. त्या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे : दूध तेच होते, आया तशाच होत्या, बदलली ती फक्त त्यांना मिळालेली मदत.

बाळ अडीच-तीन महिन्यांचे झाले की आई कापूस वेचणीला जाते. महिनाभरात ती म्हणते, 'दूध आटले.' मग म्हशीच्या दुधात पाणी घालून बाटली सुरू होते. मी सांगून थकते. घरचे म्हणतात, तिच्या अंगात रक्तच नाही तर दूध कोठून येणार?
— आशा स्वयंसेविका, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

ताई, दूध आटण्यामागे बहुतेक वेळा रक्ताची कमतरता नसते. आई किडकिडीत आणि पंडुरोगी असली तरी दुधाचे प्रमाण आणि त्यातली ऊर्जा सहसा टिकून राहते, शरीर स्वतःची झीज करून ते पुरवते. दूध ठरते ते छाती किती वेळा आणि किती रिकामी होते यावर. बाळ ओढते तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते आणि नवे दूध बनते, ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे बनलेले दूध खाली उतरते. सकाळी सातला पराटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, शिरलेली बाई दुपारी तीनपर्यंत पाजू शकली नाही तर छाती दगडासारखी होते, पदर भिजतो, कधी दूध साकळून ताप येतो. आणि साठून राहिलेले दूधच 'आता बनवू नको' असा निरोप शरीराला देते. त्यात घरी बाटलीने पोट भरलेले बाळ संध्याकाळी कमी ओढते. चार आठवड्यांत दूध खरोखरच घटते, आणि घरचे म्हणतात, पाहा, आम्ही सांगितलेच होते.

हा वेतनाचा प्रश्न आहे हे प्रथम कबूल करू. वेचणी किलोवर असते. धुऱ्यावर (बांधावर) झोळीत निजलेल्या बाळाला पाजायला बाई दोन वेळा उठली की तिचे गाठोडे तेवढे हलके भरते. कारखान्यात किंवा कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईला 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. वेचणाऱ्या बाईला ती नाही. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद आहे, खासगी शेतात तेवढीही नाही. म्हणून तिला उपदेश करण्यापूर्वी तिच्या सासूशी आणि नवऱ्याशी बोला : बाळाला घेऊन शेतात एक फेरी कोण मारील, सकाळची चूल कोण पेटवील, हे ठरले तर दूध टिकते.

बाळाला शेतात नेणे शक्यच नसेल तर दूध काढून ठेवता येते. हात साबणाने धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत, अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या थोडे मागे ठेवून आत दाबत दूध काढावे. आधी गरम फडक्याने शेकले तर लवकर उतरते. झाकून सावलीत, थंड जागी ठेवलेले दूध हिवाळ्याच्या वेचणीच्या दिवसांत चार तास चालते, उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये. ठेवल्यावर वर सायीचा थर येतो, खाली निळसर पातळ दूध राहते. ते पाहून 'दूध फुटले' म्हणून ओतून देऊ नये, वाटी हलकेच फिरवली की ते पुन्हा एकजीव होते. उकळायचे नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा घरात जुने बोंडले (चोचीचे भांडे) असेल तर त्याने. बाटलीचे बूच आणि निपल यांच्या खाचांत दूध राहते आणि ते नीट धुऊन निघत नाही. म्हशीच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या जवळजवळ चौपट असतात. पाणी घालून ती कमी केली की ऊर्जाही घटते, शिवाय पाण्याबरोबर जंतू येतात. सहा महिन्यांच्या आत ते देऊच नये. आणि संध्याकाळी आल्याआल्या व रात्रभर अंगावर पाजायला सांगा, कारण प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते.

'पुरत नाही' याची खात्री रडण्यावरून करू नका. लघवी मोजा, आणि अंगणवाडीतल्या काट्यावर वजन करा. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, दहा ते चौदा दिवसांत भरून येते, आणि त्यानंतरचे तीन महिने दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. माता-बाल संरक्षण कार्डावरची रेष वर चढत असेल तर ती सासूला बोट ठेवून दाखवा. आईच्या ताटाकडेही पाहा. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात, म्हणजे दोन भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण जादा. 'पथ्य' म्हणून भाजी, डाळ बंद करणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. मेथीच्या किंवा डिंकाच्या लाडवाने दूध वाढते याला पक्का पुरावा नाही, पण लाडू तिला मिळत असतील तर अवश्य मिळू द्यावेत. दुधातले बी-12 जीवनसत्त्व मात्र आईच्या आहारावर अवलंबून असते; ती दूध-दही, अंडी काहीच खात नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

तुम्ही थकलात असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही ज्या भेटी देता, त्या या कामातून देशभर गेल्या आहेत. वेचणीची अडचण मात्र बेचाळिसाव्या दिवसानंतरची आहे. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातील भेटीत वजनकाट्याबरोबर दूध काढण्याचे प्रात्यक्षिकही ठेवा.

कपाशीवर फवारणी चालू असते. माझ्या दुधातून बाळाला विष जात असेल का? पाजणे थांबवू का?
— शेतकरी महिला, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

पाजणे थांबवू नका. डीडीटीसारखी जुनी औषधे शरीराच्या चरबीत साठत आणि दुधात उतरत. भारतात शेतीसाठी डीडीटीवर 1989 साली बंदी आली. हल्ली कपाशीवर मारली जाणारी बरीच औषधे शरीरात तुलनेने लवकर विघटित होतात. पाजणे थांबवले तरी वरच्या दुधातही, ते कालवायच्या पाण्यातही या औषधांचे अंश असू शकतात, आणि शिवाय आईच्या दुधाचे संरक्षण जाते.

तुमचा खरा धोका दुधापेक्षा हाताशी आणि कपड्यांशी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाजत्या बाईने औषध कालवू नये, पंपात भरू नये, फवारलेल्या पराटीत त्याच दिवशी निंदायला जाऊ नये. घरधन्याचे फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, शक्यतो त्यानेच धुवावेत, आणि अंघोळ झाल्याशिवाय त्याने बाळाला उचलू नये. रिकामा डबा घरात कशालाही वापरू नये. स्वतःला मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणे असे काही झाले तर औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा.

सुनेला सिकलसेलचा आजार आहे. तिचे दूध पाजले तर नातीला होईल का?
— एक वाचक, कुरखेडा, जि. गडचिरोली

नाही. हा रक्ताचा आजार आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो आणि काय होणार ते गर्भधारणेच्या वेळीच ठरलेले असते. दुधाचा त्याच्याशी संबंध नाही. सुनेने अवश्य पाजावे, तिला पाणी आणि विश्रांती अधिक द्यावी. ती या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. गोळी किंवा पाजणे यांपैकी काहीही आपल्या मनाने बंद करू नये.

नातीची तपासणी मात्र आत्ताच करून घ्या. जन्मतः रक्तात असलेल्या वेगळ्या हिमोग्लोबिनमुळे पहिले काही महिने आजार दबलेला राहतो आणि लक्षणे साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतात. तोच उष्टावणाचा काळ असल्याने हातापायांवरची सूज किंवा ताप नव्या अन्नाच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. अहवाल येईपर्यंत पाजणे चालूच ठेवा.